तोटीमामाजी आणि बादलीतलं वांगं

पाण्याचा थेंब कुठंही टपकला, की मामाजींचं बोलणं अर्ध्यात तुटायचं. मान एका बाजूला जायची, डोळे बारीक व्हायचे आणि हात वर करून ते समोरच्याला गप्प करायचे. "थांब वं. गळून राहिलं कुठंतरी." आपल्याला काहीच ऐकू येत नसायचं. रस्त्यावरून ट्रकांची रांग चाललेली, खाली कोणाचा तरी टीव्ही लागलेला, आणि या माणसाला शेजारच्या घरातल्या मोरीतला थेंब ऐकू यायचा. ते उठायचे, तोटी आवळून यायचे आणि मगच पुढचं वाक्य बोलायचे. एकदा गल्लीतल्या एका घरी माणूस गेला म्हणून आम्ही सगळे भेटायला गेलो होतो. घरातली बाई रडत होती, मामाजी समोर हात जोडून बसले होते, आणि मध्येच उठले. सगळ्यांना वाटलं, यांनाही गहिवरून आलं. ते मागे न्हाणीत जाऊन नळ बंद करून आले आणि पुन्हा हात जोडून बसले. त्या दिवसापासून गल्लीनं त्यांचं नाव तोटीमामाजी ठेवलं. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाले, "ठेवू दे ना. तोटी तं बंद झाली!"

नागपूरला लागून असलेल्या वाडीत, गोदामांच्या रांगा संपतात तिथं आमची तीन मजली बिल्डिंग होती. मी एका गोदामात बिलिंगला होते, मामाजी त्याच गोदामाच्या गेटवर दिवसपाळीला. नात्यानं ते माझे कोणी नव्हते, सगळे त्यांना मामाजीच म्हणायचे. माझी खोली दुसऱ्या मजल्यावर, आणि मामाजी-मामीजींची एकच खोली अगदी वर, गच्चीवर, पाण्याच्या टाकीला लागून. ती खोली उन्हाळ्यात भट्टीसारखी तापायची, म्हणून कोणी घेत नसे. मामाजींनी ती टाकीसाठीच घेतली असं मामीजी म्हणायच्या. येता-जाता ते टाकीवर बोटांच्या पेरांनी टकटक करायचे आणि आवाजावरून पाणी कुठवर आहे ते सांगायचे.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बीएस्सी, तेही फिजिक्स घेऊन. बाप धान्यबाजारात पोती वाहतो आणि मी डिग्री फ्रेम करून भिंतीवर लावली होती. त्यात लाजण्यासारखं काय आहे? मामाजींनी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा चप्पल बाहेर काढून आत आले, काचेवरून बोट फिरवत माझं नाव मोठ्यानं वाचलं, आणि त्यानंतर पुन्हा कधी त्या नावानं हाक मारली नाही. "काय वं ग्रॅज्युएट!" हीच हाक. जिन्यातून, गेटवरून, भर बाजारातून. लोक वळून पाहायचे. मला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

कुही तालुक्यात नदीकाठी त्यांचं गाव होतं. होतं असंच म्हणावं लागतं, कारण धरणाचं पाणी चढलं आणि गाव खाली राहिलं. निघताना लोकांनी दारं, चौकटी, छपराचे फाटे काढून नेले. मामाजींनी कमरेला वांग्याच्या बियांची पुरचुंडी बांधली. हिरवं, पांढऱ्या रेघांचं, देठाला काटे असलेलं ते वांगं आसपासच्या बाजारांत त्यांच्या गावाच्या नावानंच विकलं जायचं. लग्नाच्या पंगतीत ते नसलं, तर पाहुणे आधी त्याची चौकशी करायचे आणि मग नवरदेवाची. पुनर्वसनात मिळालेल्या जागेत सगळा मुरूम निघाला. लोक रोपवाटिकेतून तयार रोपं आणू लागले, जुनं बियाणं कोणीच धरलं नाही. मामाजी म्हणायचे, "गाव तं गेलं. त्याचं नाव घ्याले आता हे वांगंच आहे. हे गेलं का झालं."

मी एकदा विचारलं, "मामाजी, तुमचं गाव पाण्यात गेलं जी. मग पाणी संपायची एवढी धास्ती काहून?"

"म्हणूनच तं," ते म्हणाले. "पायजे तिथं येत नाई, नको तिथं येते. अशा जातीचा भरोसा कोण धरीन?"

त्यात ते बियाणंही जवळजवळ गेलंच होतं. राख मिसळून डब्यात भरलेली पुरचुंडी कूलरच्या मागच्या फळीवर होती. कूलरचं पाणी उडत राहिलं, डब्याचं झाकण गंजलं, आणि उघडून पाहिलं तेव्हा आत बुरशीचा गोळा. मामाजी दोन दिवस जेवले नाहीत. मग तो गोळा फोडून जेवढं बी सुटं झालं तेवढं सगळं पेरलं. त्यातून दोन रोपं वर आली. नव्या गावात ओळखीच्या साऱ्यांना फोन करून झाले, कोणाकडेही दाणा नव्हता. म्हणजे सगळं त्या दोन रोपांवर आलं, आणि समोर नागपूरचा उन्हाळा.

ज्यांनी हा उन्हाळा गच्चीवर काढलेला नाही, त्यांना काय सांगू? सकाळी घातलेलं पाणी दुपारच्या आत उडून जायचं. मामाजी जेवणाच्या सुटीत गेट सोडून धावत वर यायचे, रोपांना पाणी घालायचे आणि न जेवता परत जायचे. सुपरवायझर टोमणे मारायचा, "काय मामाजी, लेकराले दूध पाजून आले काय?" मला ते बघवेना. शेवटी मी रंगाच्या रिकाम्या बादल्या आणल्या.

एकेका रोपासाठी दोन बादल्या एकात एक बसवल्या. खालच्या बादलीत पाणी, वरच्या बादलीत माती, शेणखत आणि नारळाचा भुसा. वरच्या बादलीच्या बुडातून दह्याचा एक डबा, सगळीकडून भोकं पाडून आणि मातीनं भरून, खाली पाण्यात उतरवला. कंदिलाची वात तेल ओढते तशी ती माती पाणी ओढते. झाडाला लागेल तेवढं चढतं, उन्हात वाया काही जात नाही. पाणी भरायला कडेनं एक पाइप. आणि खालच्या बादलीला, वरच्या बादलीच्या बुडापासून दोन बोटं खाली, बाहेरच्या बाजूनं एक भोक. पाणी त्याच्या वर गेलं की बाहेर पडतं आणि मातीच्या खाली हवेला जागा राहते.

मामाजी उकिडवे बसून सगळं पाहत होते. "सारं पटलं," ते म्हणाले. "हे भोक कायले?"

"जास्तीचं पाणी निघून जायला."

"जास्तीचं?" त्यांनी मामीजींकडे पाहिलं. "आयकलं काय? वाडीत, भर उन्हाळ्यात, जास्तीचं पाणी! कोणत्या कालेजात शिकवतेत वं, भोकाच्या बादलीत पाणी भरा म्हणून?"

"मुळांना पण श्वास लागते मामाजी. पाण्यात बुडून राहिलं तर झाड मरते."

बुडून म्हटल्यावर त्यांनी वाद सोडला. भोक राहिलं. पण त्यांनी त्याच्याखाली एक कप ठेवला, आणि त्यात जमलेलं पाणी पुन्हा पाइपात ओतायचे. बादल्यांना बाहेरून चुना फासला, गोदामातल्या फाटक्या बारदान्याचं पोतं गुंडाळलं, मातीवर भाताची तणस पसरली. पाइपात मी थर्मोकोलचा तुकडा लावलेली खराट्याची काडी सोडली होती. पाणी चढलं की काडी वर, उतरलं की खाली. ही काडी मामाजींना माझ्या अख्ख्या डिग्रीपेक्षा आवडली. त्यांना आता पाणी दिसत होतं. गेटवरून मामीजींना फोन जायचा, "काडी कुठं आहे?" दुपारची धावपळ मात्र थांबली. डबा ते गेटवर बसून खाऊ लागले, आणि मला वाटलं, आपण एका माणसाची धास्ती कमी केली.

झाडांना फळं लागली. प्रत्येक झाडावर एकेक चांगलं वांगं मामाजींनी बियासाठी राखलं. असं वांगं तोडायचं नसतं. ते झाडावरच पिवळं पडेपर्यंत ठेवायचं, तेव्हा बी पक्कं होतं. कोणी चुकून तोडू नये म्हणून मामीजींनी जुन्या लुगड्याची लाल चिंधी देठाला बांधली. पुढं ऊन एवढं चढलं की नवी फुलं नुसती गळू लागली. म्हणजे आता नवं फळ धरणार नव्हतं. जे काही होतं ते त्या दोन लाल चिंध्यांत होतं. रोज गच्चीवर पोचले की मी आधी त्या चिंध्या मोजायचे. माकडं येतील, वावटळ येईल, घरमालक स्लॅबवर ओझं झालं म्हणून बादल्या हलवायला लावेल. तो दर आठवड्याला वर येऊन म्हणायचाच, "मामाजी, स्लॅब गळला तं तुमीच जबाबदार."

अशात मामाजींच्या भाचीचं लग्न निघालं. नव्या गावात, ऐन मे महिन्यात. आपल्याकडं मंगलाष्टकं सुरू झाली की नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. तो नसला तर लोक नवरीला विचारतात, तुला कोणी नाही काय. आणि मामाजी म्हणाले, मी येत नाही.

"पोरीच्या पाठीशी कोण उभं राहीन जी?" मामीजी भडकल्या. "वांगं?"

"अन् वांग्याच्या पाठीशी कोण राहीन?"

"मी आहे ना," मी म्हटलं. "काडी पाहायची, पाणी भरायचं. त्यात काय आहे?"

त्यांनी मला बादलीजवळ नेऊन काडी वाचायला लावली. मग म्हणाले, "ग्रॅज्युएट आहे, ठीक आहे. पण पाणी कमी पडू देऊ नको." निघायच्या दिवशी ते पहाटेपासून बादल्यांजवळच बसून होते. मामीजी पिशव्या घेऊन जिन्यात उभ्या, एसटी चुकेल म्हणून ओरडत होत्या. मामाजी उतरले, परत वर गेले, पुन्हा उतरले. "काडी पाहून ये," मला म्हणाले. मी पाहिली. काडी पाइपाच्या बाहेर हातभर उभी होती, एवढी वर मी ती कधी पाहिली नव्हती. म्हटलं, चला, मामाजींनी चांगलं भरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पानं माना टाकून होती. उन्हात वांगं तसं करतंच, संध्याकाळी सावरतं. पण संध्याकाळी सावरलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आधीच, दोन्ही झाडं कोमेजलेली. घरमालक स्लॅब बघायला वर आला होता. त्यानं पाहिलं आणि म्हणाला, "तहानलं वं ते. पाणी टाक." मामाजींचा फोन आला. मागं लग्नघरातला गलका.

"पाणी आहे ना?"

"आहे जी."

"काडी?"

"वर आहे."

"मंग ठीक आहे," म्हणाले आणि ठेवला.

मी हातात मग घेऊन उभी होते. पाणी ओतायला वाकले आणि तशीच थांबले. काडी वर होती. परवा होती तेवढीच वर. एवढ्या उन्हात, एवढ्या पानांच्या झाडानं बादली अर्धी करायला हवी होती. तहानलेलं झाड समोरचं पाणी सोडतं का? मी पाइपाला नाक लावलं. नालीसारखा वास आला. बारदान्याखाली हात घालून भोक शोधलं. भोक नव्हतं. बोटाला गुळगुळीत गाठ लागली. मेण. मेणबत्ती वितळवून भोक नीट, प्रेमानं बंद केलं होतं. दुसऱ्या बादलीलाही तसंच.

केसातली पिन काढून मी ते मेण कोरलं. काळं पाणी भसकन बाहेर आलं, कप भरून वाहिला, माझ्या पायांवरून, स्लॅबवरून वाहत गेलं. ज्या गच्चीवर एक थेंब सांडू दिला जात नव्हता, तिथं मी बादल्याच्या बादल्या वाहू दिल्या आणि बघत उभी राहिले. घरमालक ओरडत होता. ओरडू दे म्हटलं. तणस बाजूला केली, माती सुकायला मोकळी केली, माझी चादर वर सावलीला बांधली. एका झाडाचं खोड बुडाशी मऊ झालं होतं. त्याचं वांगं नुसता हात लावताच चिंधीसकट माझ्या तळहातावर आलं, हिरवंच. दुसरं अजून उभं होतं. त्याचं वांगं पिवळं पडायला लागलं होतं, पण पुरतं नाही.

सांगू की नको? उद्या लग्न होतं. मला गोड बोलून लपवता येत नाही, कधीच आलं नाही. मी फोन लावला आणि सांगितलं.

मामाजी फोन घेऊन बँडपासून लांब गेले. मग म्हणाले, "मीच बुजवलं वं. म्हटलं चार बोटं पाणी जास्ती माईन. तुले वर चढाचा तरास नाई. म्हणजे पुन्हा पाण्यानंच नेलं."

"एक उभं आहे मामाजी."

"मी निघून येतो."

"कायले येता? येऊन काय करसान? तुम्ही पोरीच्या पाठीशी उभे राहा. याच्या पाठीशी मी आहे." मी हे जोरात बोलले खरं. मला खात्री कशाचीच नव्हती. फिजिक्सच्या पुस्तकात कुजलेल्या मुळांचं काही नव्हतं.

लग्न लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मामाजी आले. सदऱ्याच्या खिशात अक्षता अडकलेल्या होत्या. खोलीत न जाता थेट बादलीजवळ गेले. मी थोडं ताजं पाणी भरलं होतं आणि भोकातून एकेक थेंब पडत होता. मामाजींनी मान वाकडी केली. त्यांचं बोट आपोआप पुढं गेलं, भोकापर्यंत पोचलं, आणि त्यांनी ते मागं ओढून मुठीत धरलं. थेंब पडत राहिला. ते तिथंच बसून तो ऐकत राहिले. मला तो आवाज नव्हे, त्यांचा चेहरा सहन होत नव्हता.

त्यानंतर झाड रोज पानं टाकत गेलं. शेवटी नुसतं खोड आणि त्याच्यावर चिंधीचं वांगं. मामीजी चहा देताना वर बघायच्या, मी कपडे वाळत घालताना बघायचे. वांगं पिवळं झालं, मग त्यावर तांबूस झाक आली, आणि देठ सुकायला लागला तेव्हा मामाजींनी ते कापलं.

बी काढलं, चोळलं, आणि मामीजींनी आणलेल्या पाण्याच्या लोट्यात टाकलं. भरलेलं बी तळाला जातं, पोचट वर राहतं. त्या गळून पडलेल्या हिरव्या वांग्याचं बी आधी टाकून पाहिलं होतं, ते सगळं तरंगलं होतं. आताही सगळं वर आलं. लोट्याच्या तोंडाशी पिवळट साय धरल्यासारखं. मामीजींनी पदर तोंडाला लावला. मामाजींनी बोटानं ढवळलं आणि वाट पाहिली. पुन्हा ढवळलं. मग वरचं सगळं बी पाण्यासकट हळूहळू ओतून टाकायला लागले. मला ओरडावंसं वाटलं, सगळं नका टाकू. लोटा रिकामा होत आला. मी मोबाइलचा टॉर्च आत मारला.

तळाला चिमूटभर बी होतं. जड, चिकटून बसलेलं.

"आहे वं," मामाजी म्हणाले. एवढंच. आणि लोटा दोन्ही हातांनी पोटाशी धरला.

बी सावलीत वाळवून त्यांनी तीन पुरचुंड्या केल्या. एक स्वतःला, एक भाचीला. तिसरी माझ्या हातात ठेवली. "सारं एका फळीवर ठेवू नाई, शिकलो मी आता. तुह्या त्या डिग्रीच्या फ्रेमच्या मागं ठेव. तिथं कूलर नाई."

पावसाळा लागायच्या आधी मामाजी-मामीजी कायमचे नव्या गावी गेले. मुरमाच्या अंगणात आठ-दहा बादल्या मांडून त्यांनी वांगी लावली, असं मामीजींनी कळवलं. भाचीच्या पोराच्या बारशाला पंगतीत ती भाजी होती, आणि एसटीच्या कंडक्टरच्या हाती माझ्यासाठीही एक डबा आला. मला नागपूरच्या दुसऱ्या टोकाला, मिहानच्या उद्योगनगरीत नोकरी लागली, मी तिकडं फ्लॅट घेतला. बाल्कनीत माझ्याही दोन बादल्या आहेत. दर मे महिन्यात मामाजींचा फोन यायचा. कशी आहे, बरी आहे, काही नाही. पहिलं वाक्य हेच, "भोक उघडं आहे ना वं?"

यंदा मे अर्धा सरला तरी फोन आला नाही. मी रोज ठरवायचे की आज करते, आणि भीतीनं करायचे नाही. खालच्या मजल्यावरच्या काकू तक्रार घेऊन आल्या, तुमच्या बाल्कनीतून पाणी टपकते, काहीतरी लावून बंद करा ना. त्या गेल्या आणि मी फोन लावलाच. मामीजींनी उचलला.

"बरे आहेत वं. पण कान गेले त्यायचे. काहीच आयकू येत नाई आता. फोन घेऊन काय करतीन?"

"मग तोट्यांचं कसं करतात जी?"

"अव माय, काय सांगू. घरोघरी जातेत अन् तोटीखाली तळहात धरून उभे राहतेत. ओला झाला का आवळतेत. लोक हासतेत." मग म्हणाल्या, "इथंच आहेत. काही सांगू काय?"

"सांगा, भोक उघडं आहे. एक-एक थेंब गळते. खालची बाई ओरडते."

मामीजी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडल्या. दोनदा, तीनदा. मग लांबून, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, मामाजी बोललेलं मला ऐकू आलं.

"ग्रॅज्युएट आहे काय? तिले म्हणा, गळू दे!"